एका रात्रीची मावशी

चौक, ता. खालापूर
१२ मार्च १९६६

शरीफाबुबू,

धाकट्या बहिणीचा सलाम. दुलाभाईंनाही सांग.

तुमच्याकडचं टपाल पुन्हा सुरू झालं असं आज पोस्टात कळलं, नि चुलीवरची आमटी तशीच ठेवून लिहायला बसले. आमटी करपली तर करपू दे. आधी एवढं सांग, माझी पोर, माझी कोंडी, कशी आहे? चालते ते ठाऊक आहे, बोलते ते ठाऊक आहे, आता केस केवढे झाले? जेवताना त्रास देते का? माझी आठवण काढते का, हे विचारत नाही. एवढीशी होती, आठवण कुठून काढणार!

आम्ही परत आलो. बाहरीनचा करार संपायला नि लढाई लागायला एकच गाठ पडली. मी केव्हापासून मनात धरून होते की परतीला बोट कराचीला लागेल, आम्ही उतरू, तुझ्या घरून पोरीला कडेवर घेऊ नि पुढच्या मुक्कामाला मुंबई. बोट लागलीच नाही. कप्तानाने बाहेरूनच नेली. मी कठड्याला धरून उभी राहिले तर हे म्हणाले, "आत चल गं, उन्हात काय बघतेस? कराची दिसणार हाय का हितून?" दिसत नव्हतीच. पण बघण्यावाचून दुसरं काय होतं हातात?

आता ऐक. गेल्या पत्रांत तू कधी लिहिलंस पोर रोडावलीय, कधी लिहिलंस पाऊस होऊन जाऊ दे, कधी ईद. मी बाहरीनला बसून मान डोलवली. आता पाऊसही झाला, ईदही झाली, लढाईही झाली. कुणी भरवशाचं माणूस इकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर पोरीला पाठव. नसेल तर मी येते. कागदपत्रं कशी करायची ते दुलाभाईंना विचारून कळव.

आणि तो दिवस तू विसरली असशील तर मी विसरलेले नाही. पहिल्यांदाच आम्ही दोघं मुलूख सोडून निघालो होतो. बोट कराचीला एक रात्र थांबणार होती, नि खलाशी म्हणत होते, डेकवरच बसा, उतरून काय करता या उन्हात? पण मला उतरायचंच होतं. माझी दोन पोरं पाळण्यातच गेलेली. तिसरीच्या वेळी कुंभिवलीच्या गौराबाई सुइणीने बजावलं होतं, "ह्या पोरीला नाव धड ठेवू नको. कोंडी म्हन. नि मावशीला इक. सुपभर कोंडा घे, पोर तिच्या पदरात टाक, एक रात जाऊ दे. सकाळी खण देऊन सोडव. मग तिला कोन हात लावत नाय." मावशी म्हणजे तू, नि तू बसलीस समुद्रापल्याड. ह्यांनी तोंड वाकडं केलं, "आपल्यात हे चालत नाय, गुन्हा लागतो." मी म्हटलं, लागू दे, दोन पोरं पुरली आहेत मी.

बुबू, किमाडी बंदरावर उतरलो तेव्हा पायाखालचा दगड तव्यासारखा तापला होता. उंट गाड्या ओढत होते. मी उंट पहिल्यांदा बघितला नि हे हसले. ट्रामची घंटा, बर्फवाल्यांची ओरड, मासळीचा वास, आणि माणसं तर एवढी की मला वाटलं चौकचा बाजार खिशात घालून फिरतील. त्या गर्दीत ह्यांनी माझा हात धरला. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, पण गावात कधी धरला नव्हता. खारादरला तुझ्या दारात पोचेपर्यंत सोडला नाही. मला इतकं सुख झालं होतं की मी पोरीच्या अंगाला हात लावूनही बघितला नाही. ती तेव्हाच तापली असणार.

बाकी तुला ठाऊक आहे. रात्री कोंडा दिलास, पोर घेतलीस. सकाळी खण काढते तर पोरीच्या अंगावर पुरळ. बोटीचा डॉक्टर म्हणाला, गोवराचं पोर चढू देणार नाही. बंदरावरचा शिपाई म्हणाला, बाई, तुझा पास बोटीचा, तुला राहता येणार नाही. भोंगा वाजला. हे म्हणाले, बुबूजवळ ठेव, पुढच्या बोटीने कुणीतरी आणेल. मी ठेवली.

पत्र मिळताच उत्तर घाल. उशीर लावशील तर माझी शपथ.

तुझी,
झोहरा


चौक
३ नोव्हेंबर १९६६

शरीफाबुबू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, चौथ्यांदा ह्यांना वाचून दाखवलं. ते उठून गॅरेजला गेले. घाट उतरून आलेल्या ट्रकांचे ब्रेक बघतात आता, हायवेवर. दिवस उगवला की जातात, दिवे लागले की येतात. बोलायला सवड नको म्हणूनच एवढं काम काढतात, असं माझं मत.

तू लिहितेस, "तूच पोर मला विकलीस. कोंडा मी दिला, खण तू दिला नाहीस. मग पोर कुणाची, ते तूच सांग."

वा गं वा! वा बुबू! लहानपणी सागरगोट्यांच्या खेळात हरायला लागलीस की तू नियम काढायचीस, ते अजून गेलं नाही. खण माझ्या हातात होता! हिरवा, पनवेलहून आणलेला. पोरीच्या अंगावर पुरळ बघून माझा हात थांबला, तर तेवढ्यावर तू आई झालीस?

गौराबाई परवा आली होती, तिला सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आगं, येडी हाय का तुझी भईन? त्यो नुसता काळाला चकवायचा खेळ. त्याला वाटावं, हिचं पोर नाय, दुसऱ्याचं हाय. खरं इकतं का कोन?" मग जरा वेळाने म्हणाली, "पर झोहरा, त्यो काळ चकला, आनि तुझी भईन नाय चकली." मी हसले गं. हसता हसता रडले.

तुला मूल झालं नाही, ते दुःख मला कळतं. दुलाभाईंच्या आईने तुला किती बोल लावले तेही ठाऊक आहे. पण माझ्या पोटचं घेऊन तुझी ओटी भरायची, हा कुठला न्याय? लिहिलं ते खोडत नाही. वाच आणि जळ.

पोर नाहीद म्हणून हाक मारल्यावर ओ देते, असं लिहिलंयस. तिचं खरं नाव हलिमा. आम्ही ठेवलेलं. घरात कोंडी. नाहीद कोण, मी ओळखत नाही.

पाठव तिला.

झोहरा


चौक
२० जून १९७०

शरीफाबुबूस सलाम.

मागच्या पत्रांतलं माझं बोलणं मनात ठेवू नको. तू ठेवलं नसशील, नाहीतर फोटो पाठवला नसतास.

फोटो मिळाला. शाळेचा गणवेश, छातीवर ओढणी, दोन वेण्या. कपाळ ह्यांचं आहे. उभी कशी आहे बघ, एक पाय जरा पुढे, ती तर आपली आय बाजारात उभी राहायची तशी! तिला कुणी शिकवलं ते? मी फोटो तांदळाच्या डब्यात ठेवलाय, बाहेर दमट होतो.

फोटोच्या मागे उर्दूत काहीतरी लिहिलंय. आपण दोघी मराठी शाळेत शिकलो, मला कुठलं वाचता यायला! मशिदीत मौलवीसाहेबांकडून वाचून घेतलं. ते म्हणाले, "खालाजान को नाहीद का सलाम." मी म्हटलं, बस्स, एवढंच? ते म्हणाले, एवढंच. मग त्यांनी विचारलं, भाची का? मी हो म्हटलं. बुबू, माझ्या तोंडून "हो" निघालं.

व्हिसाचं पुन्हा बघितलं. मुंबईच्या कचेरीत साहेब चांगला होता, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, मुलगी तुमची, याला पुरावा? जन्माची नोंद केलेली नाही, सुइणीच्या हातचं पोर. माझ्या पासपोर्टात तिचं नाव होतं, पण बाहरीनला उतरताना तिथल्या अंमलदाराने विचारलं, मूल कुठे? नाही म्हटल्यावर त्याने नावावर तांबडी रेघ मारली. साहेबाने ती रेघ बघितली. म्हणाला, "बाई, ह्यावरून तर वाटतं, मूल वारलं." मी उठून आले. हे बाहेर पानाच्या गादीजवळ उभे होते. काय झालं, विचारलं नाही.

एक गोष्ट कर. तू तिला बहिणीला भेटवायला म्हणून घेऊन ये. तुझी म्हणूनच आण. मी काही बोलणार नाही. आठ दिवस माझ्या अंगणात खेळू दे.

तुझी,
झोहरा


चौक
९ फेब्रुवारी १९७५

शरीफाबुबू,

दुसरी लढाई झाली, मधली वर्षं टपाल नाही. तू जिवंत आहेस की नाहीस तेही कळत नव्हतं. दुलाभाई गेल्याचं वाचलं. अल्ला त्यांना जन्नत देवो. माणूस भला होता. बंदरावर मला पाणी आणून दिलं होतं त्यांनीच.

तू लिहितेस, "नाहीदला काही ठाऊक नाही. ती मलाच आई समजते. आता वयात आलीय, सांगितलंस तर मोडून पडेल. तिच्यासाठी तरी गप्प राहा."

खरं सांगू? हे वाचून मला बरं वाटलं. तुला विचित्र वाटेल. इतकी वर्षं मी पडल्या पडल्या विचार करायची, एवढी मोठी झाली, एकदा तरी म्हणेल की मला माझ्या आईकडे जायचंय. का म्हणत नाही? कशी म्हणेल, तिला ठाऊकच नाही! मग तिचा काय दोष? ज्या दिवशी कळेल त्या दिवशी ती उठून येईल, तू अडव नाहीतर आणखी कुणी अडवो. पोटचं ते पोटचं.

गौराबाई गेली, गेल्या भाद्रपदात. ह्यांना आता एका कानाने ऐकू येत नाही, इंजिनांच्या आवाजाने. मी पोरीचं काढलं की नेमका तोच कान माझ्याकडे करतात. म्हणतात, "सोड आता ते, झोहरा. आपल्याला पोर झालीच नव्हती, असं समज." मी भाकरी त्यांच्या ताटात टाकली, वाढली नाही, टाकली. तरी खाल्ली त्यांनी. बंदरावर "बुबूजवळ ठेव" म्हणाले होते ते. त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागतं, पण पुरुषमाणूस, बोलणार कुठे?

मी गप्प राहीन. पण कायमची नाही, हे ध्यानात ठेव.

झोहरा


चौक
५ एप्रिल १९८२

शरीफाबुबू,

तार नि पत्र दोन्ही मिळालं. नाहीदचं लग्न झालं, मुबारक. नवरा कोलंबोला नोकरीला, दोघं तिकडे जाताना मुंबईत त्याच्या आत्याकडे डोंगरीला उतरणार, हे वाचून मी उभीच राहिले.

व्हिसा फक्त मुंबईचा, पोलिसात हजेरी लावायची, चौकला येता येणार नाही, हे सगळं समजलं. मी जाईन. पनवेलहून एस.टी. मिळते.

तू शपथ मागतेस. देते. कुराणावर हात ठेवून देते, की मी तिला सांगणार नाही. खाला म्हणून जाईन, खाला म्हणून परत येईन. मला फक्त बघू दे. एवढंच लिही तिला, की तुझी खाला येईल, घरात थांब.

हे यायला तयार नाहीत. मी पाय धरले. म्हणाले, "मी कंच्या तोंडानं जाऊ? तू जा." नि परवा बघते तर एकटेच दाढी करून, धुवट सदरा घालून ओसरीवर बसलेले. मी म्हटलं, येताय? म्हणाले, नाही, असंच.

झोहरा


चौक
२६ एप्रिल १९८२

शरीफाबुबू,

भेटले.

सकाळच्या एस.टी.ने गेले. डब्यात सांदणं नेली होती, नारळाच्या रसातली. डोंगरीत चौथ्या मजल्यावर आत्याबाईंची खोली. ऊन असं की जिन्याचा कठडा धरवत नव्हता. खाली हातगाड्या, कोंबडीवाल्यांचा कलकलाट, कुणाचा तरी लाऊडस्पीकर. दार तिनेच उघडलं. उंच आहे गं. फोटोत कळलं नव्हतं. मी "हलिमा" म्हणणार होते, जीभ चावली नि "नाहीद?" म्हटलं. ती म्हणाली, "आइए खाला."

नवरा सालस आहे. इम्तियाज. मला खुर्ची दिली, स्वतः ट्रंकेवर बसला. दोघांना मुंबईची मोठी मौज वाटत होती. पहिल्यांदाच दोघं मिळून घराबाहेर पडलेली. रात्री चौपाटीवर गेली, कुल्फी खाल्ली, वाट चुकली, पोलिसाला विचारायची भीती वाटली, हे सांगताना दोघं हसत होती. एक बोलायला लागलं की दुसरं मध्येच तोडायचं. मी बघत बसले होते. सांदण तिने खाल्लं, म्हणाली, अम्मी असंच करते. मी म्हटलं, आम्ही दोघी एकाच आईकडे शिकलो.

मग आत्याबाई नमाजला आत गेल्या, नि इम्तियाज बर्फ आणायला खाली उतरला. आम्ही दोघीच राहिलो. मी काही बोलले नाही, बुबू. शपथ मोडली नाही. तिच्या ओढणीला दोरा लटकत होता, तो तोडायला हात पुढे केला एवढंच.

ती तिच्या उर्दूत बोलली, मी मराठीत लिहिते. म्हणाली, "मला ठाऊक आहे."

मी विचारलं, काय?

"तुम्ही कोण आहात ते. अम्मीने सांगितलं, दुसरी लढाई संपली तेव्हा. अब्बांना म्हणाली, पोरीला अंधारात ठेवायचं नाही."

मी म्हटलं, पण तिने तर मला लिहिलं होतं की तुला...

"मीच लिहायला लावलं. मी म्हटलं, त्यांना लिही मला काही ठाऊक नाही. म्हणजे बोलावणार नाहीत."

पंखा फिरत होता पण वारा लागत नव्हता. मी वेड्यासारखं विचारलं, का गं बाई?

तेव्हा ती खिडकीकडे बघून बोलली. तिला कळलं तेव्हा ती अब्बांबरोबर किमाडीला जायची, बोट लागली की उतरणाऱ्या बायका बघायची. बुरख्यातल्या बायकांजवळ जाऊन उभी राहायची, कुणीतरी ओळखेल म्हणून. अब्बा सांगायचे, हिंदुस्थानातलं कुणी आता उतरत नाही, बेटी. तिला ते खरं वाटायचं नाही. अब्बा गेले नि बंदरावर जाणं सुटलं. "मग मला राग आला. मग रागही गेला. आता काही नाही, खाला. खरंच काही नाही. एकदा बघायचं होतं, माझा चेहरा कुणासारखा आहे. बघितला."

मला सगळं सांगायचं होतं. पासपोर्टावरची रेघ, कचेरीतला साहेब, तांदळाच्या डब्यातला फोटो. तोंडाशी आलं होतं. पण बुबू, ती माझ्यावर रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते, रडले असते, पायाशी लोळले असते. भांडायला मी काही कमी नाही, तुला ठाऊक आहे. पण तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवावा तसा, नि विचारलं, "परत जायला बस मिळेल ना?"

इम्तियाज बर्फ घेऊन आला. सरबत झालं. मी प्याले. जिन्यापर्यंत दोघं सोडायला आली. "खुदा हाफिज, खाला." दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं.

तुझ्यावर आता माझा राग नाही. मला वाटायचं तू माझी पोर दाबून ठेवलीस. तू तर तिला सांगून टाकलं होतंस, आणि मला खोटं लिहून तिचा शब्द राखलास. आईने हेच केलं असतं. मी तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. आता लिहूनच टाकते: ती तुझी आहे. खणबीण राहू दे.

मला एवढंच कळत नाही, आता उद्यापासून मी सकाळी उठून काय करायचं? तिला ठाऊक नाही, एवढ्याच आशेवर मी इतकी वर्षं काढली. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी येईल, हे मी रोज भाकऱ्या थापताना मनात म्हणायची. तिला कळून दहा वर्षं झाली होती गं.

मी एस.टी.तून उतरले तेव्हा हे नाक्यावर उभे होते, तोच धुवट सदरा. इतक्या वर्षांत कधी मला घ्यायला नाक्यावर आले नव्हते. चांगला कान माझ्याकडे करून म्हणाले, "काय म्हणाली?"

मी म्हटलं, "चांगली आहे. तुमचं कपाळ आहे. तिला काही ठाऊक नाही."

"मग ठीक हाय," म्हणाले. "कळंल तवा येईल." नि माझ्या हातातला रिकामा डबा घेऊन पुढे चालायला लागले.

तू ह्यांना कधी दोन ओळी लिहिल्यास तर हेच लिही.

झोहरा